पाण्याखालची डागडुजी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि मराठ्यांच्या आरमाराची कथा येथून सुरू केली तर ते अस्थानी होणार नाही. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला ते सिंदखेड राजा याच जिल्ह्यातले. आणि त्यांच्याच पुत्राने १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर पुढे तेथील खाडीत गलबते बांधावयास लावली.

आरमाराच्या इतिहासात लढाया येतात, जलदुर्ग येतात. गलबताचा तळ मात्र क्वचितच येतो. वस्तुतः गलबताचे आयुष्य तेथेच ठरते. तळाशी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक जाड, लांब वासा असतो. फासळ्या आणि फळ्या यांची सारी रचना या कण्यावर उभी असते. वाळू-खडकाला घासून तो झिजतो, सांधे ढिले होतात. त्याहून मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा. दिसायला अळी, पण कुळाने तो शिंपल्यांचा भाऊबंद. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते.

मग पाण्यात बुडालेला हा कणा दुरुस्त कसा करावा? आजचा पाणबुड्या हवेची नळकांडी पाठीवर घेऊन उतरतो आणि पाण्यातही घट्ट होणारे रासायनिक लुकण फटीत भरतो. सतराव्या शतकातील पाणबुड्याला दम रोखून जेवढा वेळ मिळे, तेवढ्यात फळी बदलणे शक्य नव्हते. म्हणून कोकणच्या खलाशाने पाण्याखाली जाण्याऐवजी पाण्यालाच बाजूला होऊ दिले. भरतीला होडी किनाऱ्यावर चढवावयाची आणि ओहोटी लागली की टेकू देऊन तळ उघडा करावयाचा. पुढची भरती येईपर्यंतचे काही तास हाती असत. फटींत कापूस ठोकून राळ भरावयाची, वरून चुना व तेल यांचा लेप द्यावयाचा. ज्या कापसावर आमचे वऱ्हाड जगले, तोच कापूस दर्यावर गलबताचे प्राण राखी! काम मोठे असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी अधिक वर चढवीत. मग पंधरा दिवसांनी पुढचे उधाण तिला उतरवी.

उथळ तळाच्या लहान होड्यांना हे सहज साधे. १६७९ साली खांदेरीला रसद पोहोचविणाऱ्या मराठी होड्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना आवरल्या नाहीत, त्याचे एक कारण हा उथळ तळच होता. मोठ्या जहाजांसाठी मात्र गोदी हवी. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. ती आंग्र्यांची गोदी म्हणून ओळखली जाते. मुंबईत इंग्रजांची पहिली सुकी गोदी १७५० साली झाली. किड्यापुढे तेही हतबल होते. त्यांच्या आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला, तो १७६१ च्या सुमारास.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार आहे आणि आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडू नयेत, अशी ताकीदही आहे. गलबत नुसते बांधून भागत नाही. त्याला दरसाल लाकूड, निवारा आणि कुशल हात लागतात, हे ज्या राज्याला कळले होते, त्याचा हा लेख आहे. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांच्या सहकार्याने इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, आणि तुळाजी आंग्र्यांची गलबते त्याच वाघोटन खाडीच्या मुखाशी जळाली. किड्यापासून सांभाळलेले तळ आपसांतील वैराने राख झाले.

किल्ल्याचा तट सर्वांना दिसतो. त्या तटाइतकेच मोल ओहोटीच्या चिखलात उभे राहून फटीत कापूस ठोकणाऱ्या सुताराचे होते. राज्ये उभी राहतात ती अशा न दिसणाऱ्या कामावर; आणि ते काम करणारे हात मोडले की नुसता तट कोणालाही तारत नाही, असे आम्हांस वाटते.