‘अप्रीती’चा अर्थ

भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम १८७० साली घालण्यात आले. सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे हा गुन्हा ठरला. पण अप्रीती म्हणजे काय, हे ठरविण्याचे काम न्यायासनावर येऊन पडले. या देशातील भाषणस्वातंत्र्याचा इतिहास पुष्कळ अंशी या एका शब्दाच्या अर्थाचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

१८९७ साली लोकमान्यांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक जण अपराधी! सहा युरोपीय ज्यूरर ‘दोषी’ म्हणाले, तिघे हिंदी ‘निर्दोष’; शिक्षा १८ महिने सक्तमजुरीची झाली. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा ठोठावणारे न्या. दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते, ही दैवगती!

१९१६ चा खटला मात्र आपल्या घरांतून फारसा सांगितला जात नाही. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणांसाठी पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी सुटी वाक्ये न वेचता भाषणे समग्र वाचली आणि तो हुकूम रद्द केला. राज्यकारभार बदलून मागणे म्हणजे राजद्रोह नव्हे, ही वाट तेथे मोकळी झाली.

पुढे १९४२ साली फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश ग्वायर यांनी सार्वजनिक अशांतता, निदान तिचा वाजवी संभव, हे गुन्ह्याचे मर्म मानले. १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते अमान्य केले. अखेर १९६२ साली, बिहारच्या केदारनाथ सिंहांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ग्वायर यांचाच पक्ष उचलला: सरकारवरील टीका, कितीही कडक असो, हिंसेस वा अशांततेस चिथावणी देत नसेल तर गुन्हा नाही. सेवानियमांनी तोंड बांधलेल्या आम्हां सरकारी नोकरांस हे वाचताना इतरांचा थोडा हेवा वाटतो खरा!

तरीही जुन्या अर्थाने फिर्यादी होतच राहिल्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ खालील कारवाई स्थगित केली. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिताच गेली. नव्या न्यायसंहितेच्या कलम १५२ मध्ये ‘अप्रीती’ नाही; देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे, असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ आता न्यायालयांपुढे आहे.