एकीच्या लाजेपासून गावाच्या ठरावापर्यंत



दारू पिऊन नवऱ्याने मारलं तर पूर्वी आपण गप्प राहायचो. बोललं तर आपल्याच घराची लाज जाईल, असं प्रत्येकीला वाटायचं. बाया एकत्र बसू लागल्या तेव्हा कळलं, की चार घरी तेच दुखणं आहे. मग लाज आपल्या उंबऱ्यावरून उठली आणि दारूच्या दुकानाच्या दारात जाऊन बसली.

गडचिरोलीत गावोगाव असंच झालं. आधी दोघी-तिघी बोलल्या, मग गावांनी ठराव केले. १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. ते शेजारच्या चंद्रपूरच्या बायांनी पाहिलं. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून नागपूरला, विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी आली.

पण २०२१ मध्ये सरकारने चंद्रपूरची बंदी उठवली. गडचिरोलीची कायम आहे, तरी चोरटी दारू तिथेही येतेच. म्हणजे कायदा वरून येतो, तसा वरून जातोही. गावाने मनापासून ठरवलेलं मात्र सहजी कोणी काढून घेत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने निर्णय होतात. एकजण नाही म्हणाला, तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. वेळ लागतो, पण ठरलेलं सगळ्यांचं असतं.

म्हणून पुढच्या बैठकीत गप्प बसणारीला आधी विचारू या : बाई, तुझ्या घरी कसं आहे?