चांदवडचा रंगमहाल

पिंपळगाव बसवंतहून मुंबई-आग्रा मार्गाने ईशान्येस गेले की चांदवड लागते. तेथील होळकरांचा रंगमहाल पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या (१७२५-१७९५) नावाशी जोडलेला आहे. कोरीव लाकडी खांब व भित्तिचित्रे हे त्याचे वैभव. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गमावला. सत्ता गेली, वास्तू मात्र उरली.

चेक देशातील टेल्च नगर चौदाव्या शतकाअखेरच्या आगीनंतर दगडात बांधले गेले. सोळाव्या शतकात चौकातील घरांना प्रबोधनकालीन रूप लाभले आणि १९९२ साली ते नगर जागतिक वारसा ठरले. तेथील घरे सामान्य नगरवासीयांची होती, राजवाडे नव्हेत.

वाचकहो, वारसा राजघराण्यांचाच असतो असे नाही. आपल्या गावातील जुना वाडा पाडण्यापूर्वी त्याच्या तुळया कोणी घडविल्या, ओट्यावर कोण बसे, एवढे तरी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवू या.