मुखत्यारपत्रापासून स्थायी मुखत्यारपत्रापर्यंत : इंग्लंडमधील एका कायदेशीर संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना :
मुखत्यारपत्र हा आपल्याकडील व्यवहारात नित्य आढळणारा दस्तऐवज आहे. परगावी वा परदेशी राहणारा जमीनमालक भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो आणि त्याआधारे खरेदी-विक्रीचे व्यवहार पार पडतात. परंतु लिहून देणारी व्यक्तीच पुढे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त झाली, तर त्या पत्राचे काय होते? इंग्लंड व वेल्समध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शतकाहून अधिक काळ लागला. त्यातूनच ‘लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’ म्हणजे स्थायी मुखत्यारपत्र ही संकल्पना आकारास आली. तिच्या विकासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ तत्त्व व त्यातील अडचण :
जे काम मालक स्वतः करू शकत नाही, ते त्याचा मुखत्यारही करू शकत नाही, हे इंग्लिश विधीचे जुने तत्त्व होय. १८७९ सालच्या ‘ड्र्यू विरुद्ध नन’ या खटल्यात त्याची कसोटी लागली. पतीने पत्नीस एका दुकानदाराकडून माल घेण्याचा अधिकार दिला होता. पुढे पतीचे मानसिक संतुलन ढळले. ही गोष्ट ठाऊक नसलेला दुकानदार उधारीवर माल देत राहिला. बरा झाल्यावर पतीने पैसे देण्याचे नाकारले. अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, पत्नीचा अधिकार पतीच्या वेडामुळे संपुष्टात आला होता. तथापि अनभिज्ञ दुकानदाराचे देणे पतीने चुकते केलेच पाहिजे.

या तत्त्वाचा परिणाम विपरीत होता. ज्या क्षणी मुखत्याराची खरी गरज भासे, त्याच क्षणी मुखत्यारपत्र निष्प्रभ होई. मग नातेवाइकांना न्यायालयात जाऊन ‘रिसीव्हर’ नेमून घ्यावा लागे. १९४७ पासून हे काम पाहणारी यंत्रणा ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. हा मार्ग खर्चिक तर होताच. शिवाय आपला कारभार कोणी पाहावा हे ठरविण्याचा अधिकार संबंधित व्यक्तीच्या हातून गेलेला असे.

१९८५ चा कायदा :
विधी आयोगाच्या १९८३ च्या अहवालानंतर १९८५ मध्ये ‘एन्ड्युअरिंग पॉवर्स ऑफ अ‍ॅटर्नी’ कायदा संमत झाला व १९८६ मध्ये अमलात आला. विहित नमुन्यात केलेले पत्र मानसिक क्षमता गेल्यानंतरही टिकू शकेल, अशी सोय प्रथमच झाली. तथापि त्यात दोन उणिवा होत्या. एक, हे पत्र केवळ मालमत्तेपुरते होते. औषधोपचार वा निवास यांविषयी मुखत्यारास काहीही ठरविता येत नसे. दुसरी अधिक गंभीर होती. लिहून देणाऱ्याची क्षमता ढासळत आहे असे वाटताच पत्राची नोंदणी करण्याचे कर्तव्य खुद्द मुखत्यारावरच सोपविले होते. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

२००५ चा कायदा :
विधी आयोगाने १९९५ मध्ये व्यापक सुधारणा सुचविल्या. ‘मेंटल कपॅसिटी’ कायदा मात्र २००५ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून स्थायी मुखत्यारपत्र अस्तित्वात आले. त्या तारखेपूर्वी केलेली जुनी पत्रे वैध राहिली. नवी करणे थांबले. स्थायी मुखत्यारपत्राचे दोन प्रकार आहेत : मालमत्ता व आर्थिक व्यवहारांसाठी एक, आरोग्य व कल्याणासाठी दुसरे. लिहून देणारी व्यक्ती किमान १८ वर्षांची व समजशक्ती शाबूत असलेली हवी. तिला पत्राचा अर्थ कळला आहे व तिच्यावर दबाव नाही, असे प्रमाणपत्र त्रयस्थ व्यक्तीने द्यावे लागते. पब्लिक गार्डियनच्या कार्यालयात नोंदणी झाल्याशिवाय पत्र वापरताच येत नाही. आरोग्यविषयक पत्र तर क्षमता गेल्यावरच लागू होते, आणि जीवरक्षक उपचार नाकारण्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे नमूद करावा लागतो.

एवढ्याने शंका मिटल्या नाहीत. कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचे माजी वरिष्ठ न्यायाधीश डेन्झिल लश यांनी २०१७ मध्ये या पत्रांतील संरक्षण अपुरे असल्याचे सांगून, आपण स्वतः असे पत्र कधीही करणार नाही, असे जाहीर केले. २०२३ च्या सुधारणा कायद्याने नोंदणी संगणकीय करण्याबरोबरच ओळख पडताळणीची तरतूद केली, ती याच पार्श्वभूमीवर पाहावी लागते.

समारोप :
या इतिहासाचे सार असे की, विश्वासाला कायद्याने दीर्घायुष्य दिले की त्यावर देखरेखही ठेवावी लागते. १९८५ च्या कायद्याने पहिली गोष्ट केली; दुसरी करण्यास आणखी दोन दशके गेली. भारताच्या दृष्टीने हा अनुभव महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मालक विकलचित्त होताच अभिकरण संपते. १८८२ च्या मुखत्यारपत्र कायद्यात इंग्लंडसारखे टिकाऊ मुखत्यारपत्र नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. मालमत्तेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. परदेशी असलेल्या मुलाच्या नावे विश्वासाने कुलमुखत्यारपत्र करणाऱ्या वृद्ध आईवडिलांना, ते पत्र नेमके कोणत्या दिवशी निरुपयोगी ठरेल याची जाणीव क्वचितच असते. आपल्याकडे असा कायदा करावयाचा झाल्यास नोंदणी व देखरेखीची व्यवस्था आरंभापासूनच असणे अगत्याचे आहे.