पंच की रसिक? रोह्याचा शक्ती-तुरा आणि स्टॉकहोमचे ‘१९४४’

गौरी-गणपतीच्या दिवसांत पेण-रोह्याकडच्या गावांत रात्री जाखडीचा फेर धरला जातो. मधोमध बुवा आणि त्यांचे ढोलकी-टाळवाले बसतात, तर पायांत चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फिरतात. मुंबईकर ह्यालाच ‘बाल्या नाच’ म्हणतात. मात्र दोन पक्ष समोरासमोर आले की हा केवळ नाच राहत नाही. तो शक्ती-तुऱ्याचा सामना होतो.

कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला श्रेष्ठ मानतात आणि तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. गण-गवळण आटोपली की एक बुवा पुराणातला किंवा वेदान्तातला प्रश्न पदातून टाकतो आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर पदातूनच द्यायचे असते. हरलेल्या शाहिराने आपला डफ वा निशाण प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावे, असा जुना संकेत सांगितला जातो.

ह्या परंपरेचा पल्ला कोकणापुरता नाही. तुकनगीर आणि शहा अली ह्या दोघांना चंदेरीच्या राजाने तुरा आणि कलगी बहाल केली, ही आख्यायिका महाराष्ट्रात जशी सांगतात तशीच राजस्थानात चित्तोडकडेही. तिथल्या लोकनाट्याचे नावच ‘तुर्रा-कलंगी’. एक गोसावी, एक फकीर आणि दोन पक्ष. संत-सूफींच्या वादाला गाण्याचे रूप देणारी ही कल्पना फार दूरवर पोहोचली होती.

आता निकाल कोण देतो, ते पाहा. बऱ्याचदा तो श्रोतेच देतात. अचूक उत्तर आले की टाळ्या पडतात, शिट्ट्या होतात, रसिकांची बक्षिसे येऊ लागतात आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी भरवलेल्या सामन्यांतही हीच रीत चालली. अर्थात बक्षीस नेहमी गुणालाच मिळते, असे मानण्याचा भोळेपणा नको. आपल्या गावच्या बुवासाठी खिसा जरा सैलच होतो.

युरोपला हीच अडचण वेगळ्या प्रकारे भेडसावली. युरोव्हिजन गीतस्पर्धा १९५६ साली लुगानो येथे ७ देशांनिशी सुरू झाली, तेव्हा मतदान बंद दाराआड पंचांनी केले. श्रोत्यांना दूरध्वनीवरून मत देण्याचा प्रयोग १९९७ साली झाला, तोही ५ देशांतच. पुढे श्रोत्यांची मते सर्रास आली आणि शेजारधर्मही आला. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण देणार, हा विनोदाचा विषय झाला. अखेर २००९ साली अंतिम फेरीच्या निकालात पंचांना पुन्हा निम्मा वाटा देण्यात आला.

मे २०१६ मध्ये स्टॉकहोमला युक्रेनच्या जमालाने ‘१९४४’ हे गीत सादर केले. मे १९४४ मध्ये स्तालिनच्या आदेशाने क्रिमियातील सुमारे १ लाख ९० हजार तातारांना अवघ्या काही दिवसांत मालगाड्यांत कोंबून मध्य आशियाकडे पाठवले गेले. जमालाची पणजी त्यांतलीच. गीताचे कडवे इंग्रजीत आणि धृपद क्रिमियन तातार भाषेत होते. स्पर्धेत राजकीय गीतांना मज्जाव आहे आणि २०१४ साली रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्याची जखम ताजी होती. रशियातून आक्षेप आले, पण गीत ऐतिहासिक असल्याचे मानून आयोजकांनी ते स्वीकारले.

निकाल विलक्षण लागला. पंचांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया, श्रोत्यांची रशिया आणि दोन्हींकडे दुसरे आलेले ‘१९४४’ एकूण ५३४ गुणांनी विजयी.

खरी गंमत तपशिलात आहे. रशियाच्या पंचांनी युक्रेनला शून्य गुण दिले, युक्रेनच्या पंचांनीही रशियाला शून्य. श्रोत्यांचे चित्र उलटे होते. युक्रेनच्या श्रोत्यांनी रशियाला पूर्ण १२ गुण दिले आणि रशियाच्या श्रोत्यांनी ‘१९४४’ला १०.

ह्यातून रशियन जनता तातारांच्या बाजूने उभी होती, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. मत देणारे मोजके असतात आणि आवडलेल्या गाण्याला दाद देणे म्हणजे त्यातल्या इतिहासाला मान्यता देणे नव्हे. शिवाला मानणारा श्रोताही शक्तीवाल्या बुवाच्या चोख पदावर बक्षीस लावतो आणि घरी तुरेवाला म्हणूनच परततो.

पुढल्या वर्षी स्पर्धा कीव्हला झाली. क्रिमियात गायल्याच्या कारणावरून युक्रेनने रशियाच्या गायिकेला प्रवेश नाकारला आणि रशियाचे गीत त्या मंचावर आलेच नाही.