मेटासेंटर उंची : प्रयोगशाळेतील मापन

तरंगणारी वस्तू किंचित कलली असता तिच्या उत्प्लावन केंद्रातून, म्हणजे विस्थापित द्रवाच्या गुरुत्वमध्यातून, जाणारी उभी रेषा वस्तूच्या मूळ मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते त्यास मेटासेंटर म्हणतात; फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगेर यांनी १७४६ मध्ये तो ग्रंथात मांडला. हा बिंदू वस्तूच्या गुरुत्वमध्याच्या वर असेल तरच वस्तू पुन्हा सरळ होते; या दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे मेटासेंटर उंची. प्रयोगशाळेत टाकीत तरंगणाऱ्या चपट्या होडक्यावरील सरकते वजन मध्यापासून बाजूला नेतात आणि पाणी निवांत झाल्यावर ओळंब्याने कलकोन वाचतात; वजन व अंतर यांच्या गुणाकारास होडक्याचे एकूण वजन व कोनाची स्पर्शज्या यांच्या गुणाकाराने भागले की मेटासेंटर उंची मिळते. अगदी लहान कोनात वाचनातील थोडी चूकही उत्तर बिघडवते, म्हणून दोन्ही बाजूंची वाचने घेऊन आलेखाच्या उतारावरून उंची काढणे अधिक विश्वसनीय ठरते.