चिकुनगुन्या : नाव आलं कुठून, आजार पसरतो कशाने?

चिकुनगुन्या झाल्याचं सांगितलं की रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, चिकन बंद करायचं का?" या आजाराचा कोंबडीशी काहीही संबंध नाही. हे नाव आफ्रिकेतल्या मकोंडे लोकांच्या भाषेतलं आहे. त्याचा अर्थ साधारणपणे ‘वाकवून टाकणारा’. सांधेदुखीने वाकून चालणारा रुग्ण पाहिला, की नाव किती नेमकं आहे ते पटतं.

१९५२-५३ साली टांगानिकातील (आजचा टांझानिया) मकोंडे पठारावरच्या खेड्यांत तापाची साथ आली. अचानक ताप, अंगावर पुरळ आणि असह्य सांधेदुखी. वरवर पाहता हा डेंग्यूच वाटावा. डॉ. मॅरियन रॉबिन्सन यांनी रुग्णांची लक्षणं बारकाईने नोंदवली, तर युगांडातील एन्टेबेच्या विषाणू संशोधन संस्थेतले डॉ. लम्सडेन यांनी साथ कशी पसरली याचा अभ्यास केला. रुग्णांच्या रक्तात आणि तिथल्या डासांतही एक नवा विषाणू सापडला.

तुम्ही म्हणाल, पठारावर तर पाण्याची टंचाई, मग एवढे डास आले कुठून? टंचाई होती म्हणूनच! पाणी लांबून आणावं लागे, त्यामुळे लोक ते घरात साठवून ठेवत. या साठवलेल्या पाण्यातच एडिस इजिप्ती डासांची पैदास होत होती.

आता आपल्याकडे पाहा. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशकं हा आजार देशात फारसा दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पुन्हा उसळला. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावांत आपणही पिंप, रांजण, हौद भरून ठेवतोच ना?

म्हणून फक्त गटारावर फवारणी झाली की काम झालं, असं समजू नका. हा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही; अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून भांडं घासूनच भरा आणि घट्ट झाका. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा.